सी-कार्ड : पाण्याखाली उतरण्याच्या परवान्याचा इतिहास (थ्रेड)

१/
मालवणच्या समुद्रात, सिंधुदुर्ग किल्ला डोळ्यांसमोर असताना, पहिल्यांदाच तोंडात रेग्युलेटर धरणाऱ्या पर्यटकाला होडीतच एक सूचना मिळते : श्वास रोखू नका. विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला ही सूचना उफराटी वाटते, कारण सूर मारताना श्वास कोंडून धरायचा हेच त्याला लहानपणापासून ठाऊक असते. या तीन शब्दांमागे मोठा इतिहास आहे. त्यात सतराव्या शतकातील भौतिकशास्त्र आहे, पुलांच्या पायांत राबलेले मजूर आहेत, प्रयोगशाळेतील शेळ्या आहेत आणि काही नामवंत पाणबुड्यांचे मृत्यूही आहेत. नवशिक्या पाणबुड्याच्या खिशातील ‘सी-कार्ड’ नावाचे छोटे प्रमाणपत्र या साऱ्यातून घडले.

२/
आधी त्या सूचनेविषयी. १६६२ मध्ये रॉबर्ट बॉईलने वायूचा दाब आणि त्याचे आकारमान यांचे व्यस्त प्रमाण मांडले. समुद्रसपाटीवर शरीरावर एका वातावरणाचा दाब असतो. पाण्यात दर १० मीटरला त्यात साधारण तेवढीच भर पडते. १० मीटर खोलीवर टाकीतील हवा ओढून फुप्फुसांत ६ लिटर साठा केला आणि श्वास कोंडून वर आले, तर पृष्ठभागाशी त्याच हवेला १२ लिटर जागा लागते. छातीत तेवढी जागा नसते. फुप्फुसाचे नाजूक पापुद्रे फाटतात, बुडबुडे रक्तात शिरतात आणि मेंदूपर्यंत जाऊ शकतात. विहिरीत सूर मारणारा आपली हवा वरूनच घेऊन जातो. ती खाली आकसते आणि वर येताना मूळ आकाराला येते. म्हणून त्याला हे भय नसते. टाकीवाल्याला मात्र दीड-दोन मीटरचा चढही घातक ठरू शकतो. तरणतलावाची खोलीही त्याला पुरते.

३/
दुसरा धोका संथ आहे. दाबाखाली श्वास घेताना हवेतील नायट्रोजन रक्तात व ऊतींत विरघळतो. दाब एकदम उतरला की सोडावॉटरची बाटली उघडल्यासारखे त्याचे बुडबुडे होतात. १६७० मध्ये बॉईलनेच निर्वात पात्रात ठेवलेल्या एका सापाच्या डोळ्यात बुडबुडा पाहिला होता. त्याचा अर्थ मात्र एकोणिसाव्या शतकात, नदीतळाशी पुलांचे पाये खणताना उलगडू लागला. दाबाच्या हवेने भरलेल्या पेट्यांतून बाहेर आलेले मजूर सांधेदुखीने वाकून चालत. त्या काळी बायकांच्या एका फॅशनेबल वाकड्या उभे राहण्याला ‘ग्रीशियन बेंड’ म्हणत. त्यावरून या विकाराला ‘बेंड्स’ हे थट्टेचे नाव पडले. ब्रुकलिन पुलाचा मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच विकाराने कायमचा अधू झाला. १८७८ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर याने दोष नायट्रोजनच्या बुडबुड्यांचा असल्याचे दाखवले.

४/
उपाय शोधला स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हाल्डेन याने. ब्रिटिश नौदलासाठी त्याने शेळ्यांना दाबाच्या कोठीत ठेवून वेगवेगळ्या रीतींनी बाहेर काढले. कोणती शेळी लंगडते, कोणती पाय उचलून धरते, याच्या नोंदी ठेवल्या. १९०८ मध्ये बॉयकॉट आणि डॅमंट यांच्यासह त्याने निष्कर्ष प्रसिद्ध केले : वर येताना टप्प्याटप्प्याने थांबावे, किती खोलीवर किती वेळ, हे कोष्टकावरून ठरवावे. आज नवशिक्याच्या मनगटावरील डाइव्ह कॉम्प्युटर दर क्षणाला जे गणित करतो, त्याचे मूळ या शेळ्यांच्या पायांपाशी आहे.

५/
तरीही १९०८ मध्ये कुणाला पाणबुड्याचे प्रमाणपत्र लागत नव्हते. पाणबुड्या म्हणजे तांब्याचे शिरस्त्राण आणि शिशाच्या तळाचे बूट घातलेला व्यावसायिक. हवेची नळी आणि दोर यांनी तो वरच्या माणसांशी बांधलेला असे. त्याला खाली सोडणारे, हवा पुरवणारे, वेळ मोजणारे आणि वर ओढणारे हात दुसऱ्यांचे होते. विद्या गुरूकडून शिष्याकडे जाई आणि शिष्याची पात्रता वरचा ताफाच ठरवी. प्रमाणपत्राची गरज निर्माण झाली ती हा दोर तुटल्यावर.

६/
दोर तुटला तो १९४३ मध्ये, जर्मनव्याप्त फ्रान्समध्ये. पेट्रोलच्या टंचाईमुळे मोटारी लाकडाच्या धुरातून मिळणाऱ्या वायूवर चालत. त्यांना वायू पुरवण्यासाठी बनवलेल्या एका झडपेवर अभियंता एमिल गान्यां काम करीत होता. नौदल अधिकारी झाक-इव्ह कुस्तो त्याच्याकडे वेगळीच मागणी घेऊन आला : श्वास ओढला की नेमकी तेवढीच हवा, भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. कल्पना अगदी नवी नव्हती. रूकेरोल आणि दनेरूझ यांनी १८६० च्या दशकात असे यंत्र केले होते. ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमोचे पाणबुडे तेच वापरतात. पण त्या काळच्या टाक्यांत पुरेशा दाबाची हवा मावत नव्हती. १९४३ मध्ये मावू लागली. या यंत्राला नाव मिळाले ‘अ‍ॅक्वा-लंग’.

७/
नव्या यंत्राच्या धोक्यांची किंमत आधी त्याच्या निर्मात्यांच्याच वर्तुळाला मोजावी लागली. १९४७ मध्ये कुस्तोचा सहकारी मोरीस फार्ग तुलोंजवळ खोलीचा विक्रम करण्यासाठी उतरला. दोरावर ठरावीक अंतराने पाट्या बांधल्या होत्या. जिथवर पोहोचला तिथल्या पाटीवर त्याने सही करायची होती. साधारण १२० मीटरवरच्या पाटीवर त्याची सही सापडली. त्याला वर ओढले तेव्हा तोंडातील नळी सुटलेली होती. खोलवर नायट्रोजन दारूसारखा चढतो आणि निर्णयशक्ती हरपते. अ‍ॅक्वा-लंगचा हा पहिला ज्ञात बळी मानला जातो. तो नवशिक्या नव्हता; फ्रेंच नौदलाच्या पाण्याखालील संशोधन गटातला कसलेला पाणबुड्या होता.

८/
यानंतर हे यंत्र दुकानांत आले. कुस्तोचे ‘द सायलेंट वर्ल्ड’ हे पुस्तक १९५३ मध्ये निघाले; त्याच नावाच्या चित्रपटाला १९५६ मध्ये कान महोत्सवाचे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. १९५८ पासून अमेरिकी दूरचित्रवाणीवर ‘सी हंट’ ही पाणबुड्या नायकाची मालिका घरोघरी पोहोचली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर कोणीही क्रीडासाहित्याच्या दुकानातून टाकी विकत घेऊन थेट समुद्रात उतरू शकत होता. बॉईल आणि हाल्डेन यांच्याशी त्याची ओळख असण्याचे कारण नव्हते. वर दोर धरणारेही कोणी नव्हते. जे ज्ञान पूर्वी ताफ्यात वाटलेले असे, ते सारे आता एका माणसाच्या डोक्यात असणे भाग होते. ते आहे की नाही हे ठरवायचे कोणी, हा पुढच्या अर्धशतकाचा प्रश्न होता.

९/
पहिले उत्तर शास्त्रज्ञांनी दिले. सॅन दिएगोजवळच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेत कॉनरॅड लिम्बॉ हा जीवशास्त्राचा विद्यार्थी अ‍ॅक्वा-लंग लावून माशांचा अभ्यास करू लागला. संशोधक समुद्रात उतरणार असतील तर संस्थेवर त्यांची जबाबदारी येते, हे ओळखून १९५० च्या दशकाच्या आरंभी त्याच्याकडे प्रशिक्षणाची आखणी सोपवली गेली. पोहण्याची परीक्षा, वैद्यकीय तपासणी, दाबाचे शास्त्र, तलावातील सराव आणि मग समुद्र असा तो क्रम होता. जगभरच्या नवशिक्यांचा अभ्यासक्रम आजही ढोबळमानाने याच क्रमाने जातो.

१०/
दुसरे उत्तर स्थानिक सरकारकडून आले. लॉस एंजलिस काउंटीच्या उद्यान व मनोरंजन विभागातील अ‍ॅल टिलमन आणि जीवरक्षक बेव्ह मॉर्गन १९५४ मध्ये लिम्बॉकडे शिकायला गेले. परतल्यावर त्यांनी सामान्य नागरिकांसाठी प्रशिक्षण सुरू केले आणि शिकवणाऱ्यांनाही पारखून प्रमाणित करण्याची पद्धत घातली. मनोरंजनासाठी बुडी मारणाऱ्यांना अशा रीतीने प्रमाणित करणारा हा पहिला सार्वजनिक कार्यक्रम मानला जातो. बागा, मैदाने आणि तरणतलाव सांभाळणाऱ्या एका खात्याने समुद्रतळाची जबाबदारी घेतली होती.

११/
त्या काळचे शिक्षण कठोर होते. युद्धातील नौदली पाणबुड्यांची शिस्त त्यात उतरली होती. तलावाच्या तळाशी सारी सामग्री उतरवून ठेवायची, वर यायचे, पुन्हा एका श्वासात खाली जाऊन ती चढवायची, ही नेहमीची कसोटी. काही प्रशिक्षक मुद्दाम मुखवटा ओढून काढत, हवा बंद करत. हेतू छळाचा नव्हता. तेव्हाच्या सामग्रीत हवा किती उरली हे दाखवणारा काटा बहुधा नसे. श्वास जड झाला की टाकीवरची तरफ खाली ओढून राखीव हवा मोकळी करायची; ती तरफ आधीच चुकून सरकली असेल तर राखीवही संपलेली. हवा अचानक संपणे हा अपवाद नव्हता, म्हणून घबराटीला तोंड देणे हाच शिक्षणाचा गाभा होता.

१२/
या पुरुषी वातावरणात १९५५ मध्ये डॉटी फ्रेझर हिने लॉस एंजलिस काउंटीची प्रशिक्षकाची परीक्षा उत्तीर्ण केली. अमेरिकेतील पहिली महिला स्कूबा प्रशिक्षक म्हणून तिची नोंद आहे. टाकीशिवाय बुडी मारण्यात ती आधीपासून पारंगत होती. कसोटी सर्वांना सारखी असेल तर ती नव्या माणसांनाही दार उघडते, हे प्रमाणपत्राचे अंग तिच्या रूपाने प्रथम दिसले.

१३/
युरोपची वाट निराळी होती. लंडनमध्ये १९५३ च्या ऑक्टोबरात ऑस्कर गुगेन आणि पीटर स्मॉल यांनी ब्रिटिश सब-अ‍ॅक्वा क्लब स्थापला. येथे शिकवणारे स्वयंसेवक होते. नवा सभासद तलावातील चाचण्यांपासून सुरुवात करी आणि क्लबमधल्या अनुभवींसोबत महिनोन्‌महिने बुड्या मारत तृतीय, द्वितीय, प्रथम श्रेणी अशा पायऱ्या चढे. आखाड्यात वस्तादाच्या नजरेखाली तालीम चालावी, तसा हा प्रकार. १९५९ मध्ये मोनाकोत विविध देशांच्या संघटनांचा जागतिक महासंघ उभा राहिला. ‘सीमास’ या नावाने तो ओळखला जातो. कुस्तो त्याचा पहिला अध्यक्ष.

१४/
इतिहासप्रेमींना १९६० हे साल विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरील केप गेलिदोन्या येथे कांस्ययुगाच्या अखेरच्या काळातील एक बुडालेले जहाज आढळले होते. तोवर पुरातत्त्वज्ञ होडीत बसत आणि पाणबुडे वस्तू वर आणून देत. कोणती वस्तू कोणत्या वस्तूशेजारी होती ही माहिती मात्र तळाशीच राही. जॉर्ज बास या तरुण अभ्यासकाने स्वतः उतरायचे ठरवले आणि फिलाडेल्फियातील वायएमसीएच्या वर्गात बुडीचे प्राथमिक धडे घेऊन तो तुर्कस्तानला गेला. जमिनीवरच्या काटेकोर पद्धतीने समुद्रतळाचे उत्खनन करण्याची परंपरा तेथून रुजली. तलावातील काही धडे आणि तीन हजार वर्षांपूर्वीचे जहाज यांची गाठ अशी पडली.

१५/
त्याच वर्षी या इतिहासातील सर्वांत बोचरी घटना घडली. मार्च १९६० मध्ये लिम्बॉ युरोपात होता. दक्षिण फ्रान्समधील कासीजवळच्या पोर्त-मियू येथे समुद्राखालून एक भूमिगत नदी वाहते. तेथील गुहेत तो सोबत्यापासून दुरावला आणि त्याला बाहेरची वाट सापडली नाही. अमेरिकेत बुडीचे सुरक्षित शिक्षण ज्याने घडवले, तो माणूस असा गेला. पुढे गुहेतील बुडीसाठी तोंडापासून आतपर्यंत अखंड मार्गदर्शक दोर ठेवणे हा पहिला नियम झाला. नवशिक्याच्या आजच्या प्रमाणपत्राला ‘ओपन वॉटर’ म्हणतात, त्यात ही मर्यादाही सामावलेली आहे : डोक्यावर खडक नसावा, वर सरळ आकाश असावे.

१६/
दरम्यान अमेरिकेत वायएमसीएने १९५९ मध्ये देशव्यापी प्रमाणपत्र सुरू केले होते. ‘स्किन डायव्हर’ मासिकात नील हेस प्रशिक्षकांसाठी एक सदर चालवी. ठिकठिकाणचे शिक्षक आपले अभ्यासक्रम त्याच्याकडे धाडत. त्यातून एका गोष्टीची उणीव स्पष्ट झाली : एका गावच्या प्रमाणपत्राला दुसऱ्या गावी किंमत नव्हती. टिलमन आणि हेस यांनी ‘नावी’ ही राष्ट्रीय संघटना उभारली आणि ऑगस्ट १९६० मध्ये ह्यूस्टनच्या शॅमरॉक हॉटेलच्या तलावात प्रशिक्षकांची पहिली परीक्षा घेतली. आलेल्यांत अनेक जण आधीच शिकवत होते. तरीही सर्व उत्तीर्ण झाले नाहीत. प्रमाणपत्राला वजन येते ते त्याच्या नकारामुळे.

१७/
डिसेंबर १९६२ मध्ये आणखी एक धक्का बसला. स्विस गणितज्ञ हानेस केलर याच्या १,००० फुटांच्या प्रयोगात त्याचा सोबती म्हणून ब्रिटिश क्लबचा संस्थापक पीटर स्मॉल कॅलिफोर्नियातील कॅटलिना बेटाजवळ बुडीघंटेतून उतरला. तो आणि मदतीला गेलेला ख्रिस्टोफर व्हिटेकर हा तरुण पाणबुड्या, दोघेही मरण पावले. फार्ग, लिम्बॉ, स्मॉल : तिघेही इतरांचे शिक्षक किंवा मार्गदर्शक होते. म्हणून नवशिक्याच्या कार्डावर केवळ नाव नसते. आपण किती खोलवर, कोणत्या परिस्थितीत उतरण्यास शिकलो आहोत, याची सीमाही त्यात अभिप्रेत असते.

१८/
तिसरे उत्तर बाजाराने दिले. १९६५ मध्ये शिकागो परिसरातील प्रशिक्षकांसाठी ठरलेला ‘नावी’चा वर्ग रद्द झाला आणि संघटनेचे लक्ष कॅलिफोर्नियाकडे वळले. सामग्री विकणारा जॉन क्रोनिन आणि पोहणे शिकवणारा राल्फ एरिक्सन यांनी १९६६ मध्ये इलिनॉय राज्यात ‘पाडी’ स्थापन केली. त्यांचा विचार सरळ होता : विद्यार्थी बुडीसाहित्याच्या दुकानात येतो, तर शिक्षणही तेथूनच मिळावे, टप्प्याटप्प्याने मिळावे आणि कार्डावर धारकाचे छायाचित्र असावे. आज ही जगातील सर्वांत मोठी प्रमाणन संस्था आहे.

१९/
टीका लगेच सुरू झाली आणि थांबलेली नाही. अनेक आठवड्यांचा अभ्यासक्रम चार-पाच दिवसांवर आला. ‘पाडी’ या अक्षरांचा अर्थ ‘आणखी एक डॉलर टाका’ असा लावणारा विनोद जुन्या पाणबुड्यांत रूढ झाला. टीकेत तथ्य आहे : पाठांतर दोन दिवसांत होते, सवय होत नाही. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. दरम्यान सामग्री बदलली होती. हवेचा काटा आला, हवा भरून तरंगता येईल असे जाकीट आले, सोबत्यासाठी दुसरा रेग्युलेटर आला. एकच नळी दोघांनी आलटून-पालटून तोंडात धरण्याचे अवघड कौशल्य त्यामुळे मागे पडले. जुन्या अभ्यासक्रमाचा बराचसा भाग ज्या उणिवांसाठी होता, त्या उणिवाच कमी झाल्या होत्या.

२०/
नियमांमागे किती मानवी तडजोड असते, याचे उदाहरण म्हणजे वर येण्याचा वेग. १९५० च्या दशकात अमेरिकी नौदलापुढे दोन मते होती. मोकळ्या पाणबुड्यांना मिनिटाला १०० फूट किंवा त्याहून अधिक वेग हवा होता. शिरस्त्राणवाल्यांना दोराने ओढताना २५ फुटांच्या पुढे जाणे कठीण. मिनिटाला ६० फूट, म्हणजे सेकंदाला एक फूट, असा सोयीचा मध्य काढण्यात आला. कित्येक दशके तो विज्ञानाचा निर्णय म्हणून शिकवला गेला. १९९० च्या दशकात नौदलाने तो निम्म्यावर आणला. कोष्टकांचेही तसेच. नौदलाच्या कोष्टकात ६० फुटांवर ६० मिनिटे थेट वर येण्याची मुभा होती, पण ती तरुण, कणखर खलाशांसाठी होती. १९८८ मध्ये रेमंड रॉजर्स यांच्या कामातून आलेल्या नव्या कोष्टकाने सर्वसामान्य स्त्री-पुरुषांसाठी ती ५५ मिनिटांवर आणली.

२१/
कायद्याचे काय? अमेरिकेत मनोरंजनासाठी बुडी मारण्यास राष्ट्रीय परवाना लागत नाही. कार्डाची सक्ती टिकली ती एका साध्या यंत्रामुळे : हवा भरणारा कॉम्प्रेसर. कार्ड नसेल तर दुकानदार टाकी भरून देत नाही, होडीवाला घेऊन जात नाही. १९७२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने अभ्यासक्रमाचा किमान आशय ठरवला. २००७ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक आले. त्यात देखरेखीखाली उतरणारा, स्वतंत्रपणे उतरणारा आणि इतरांना नेणारा अशा तीन पातळ्या स्पष्ट केल्या आहेत.

२२/
आजचा नवशिक्या आधी आरोग्याची प्रश्नावली भरतो, २०० मीटर पोहून दाखवतो, १० मिनिटे तरंगतो. मग सिद्धान्त, मग तलाव किंवा उथळ पाण्यातील धडे : मुखवट्यात पाणी घेऊन ते नाकाने फुंकून काढणे, सुटलेला रेग्युलेटर शोधणे, सोबत्याची हवा घेणे. शेवटी खुल्या पाण्यात चार बुड्या. मर्यादा बहुधा १८ मीटर, आणि नेहमी सोबत्यासह. लिम्बॉच्या वर्गातला विद्यार्थी आज आला तर त्याला सामग्री नवी वाटेल, क्रम ओळखीचा वाटेल.

२३/
महाराष्ट्र आणि गोव्याच्या किनाऱ्यावर हा फरक समजून घेणे फार गरजेचे आहे. मालवणात किंवा गोव्याच्या ग्रांद बेटाजवळ पर्यटक जो अनुभव घेतात, त्यात प्रशिक्षक त्यांची टाकी धरून असतो. हवा, खोली आणि तरंगण्याचा तोल तोच सांभाळतो. म्हणजे १९४३ मध्ये तुटलेला दोर येथे मानवी हाताच्या रूपाने पुन्हा बांधलेला असतो. अनुभव सुंदर आहे, पण त्यानंतर हाती आलेले सहभागाचे प्रशस्तिपत्र म्हणजे सी-कार्ड नव्हे. खरे शिक्षणही आता दूर राहिलेले नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था तारकर्लीत आहे.

२४/
या शिक्षणाचे मोल केवळ सहलीपुरते नाही. १९८० च्या दशकात गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतून डॉ. एस. आर. राव यांनी द्वारकेच्या किनाऱ्यालगत पाण्याखालील संशोधन हाती घेतले. कोकणच्या बंदरांत, खाड्यांत आणि जलदुर्गांच्या पायथ्याशी अजून बरेच पाहायचे आहे. ते पाहण्यासाठी मोडी वाचणारे जसे लागतील, तसे पाण्याखाली शांतपणे श्वास घेणारेही लागतील. त्यांचा पहिला धडा मालवणच्या होडीत मिळतो तोच असेल : श्वास रोखू नका. तो कोणी, कशासाठी आणि कोणत्या किमतीवर शिकवला, हे ठाऊक असलेला विद्यार्थी तो सहसा विसरत नाही.

(थ्रेड समाप्त)